लाल डोळा आणि प्रतिजैविकाचा थेंब
मुलचेरा परिसरातील चिकित्सक व औषधविक्रेत्यांच्या विचारार्थ

पावसाळा स्थिरावला आणि बांध्यांतील रोवणीची घाई ओसरू लागली की मुलचेरा तालुक्यातील दवाखान्यांत व औषधांच्या दुकानांत एक मागणी वारंवार ऐकू येते : "डोळे आले आहेत, ड्रॉप द्या." मागणी इतकी सरावाची, की देणाराही फारसा विचार न करता मांडणीवरची बाटली उचलतो. प्रस्तुत लेखात या बाटलीचाच विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. आमचे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. साथीत लाल झालेल्या डोळ्यास प्रतिजैविकाची गरज बहुधा नसते. धानाच्या पात्याने खरचटलेल्या डोळ्यास मात्र ते त्याच दिवशी मिळावयास हवे. आणि नेत्रतज्ज्ञाने तपासल्यावाचून स्टेरॉइडमिश्रित थेंब या दोहोंपैकी कोणाच्याही डोळ्यात पडता कामा नये. व्यवहारात नेमके याच्या उलट घडताना दिसते. साथीच्या रुग्णास प्रतिजैविक मिळते, लाली लवकर जावी म्हणून स्टेरॉइडही मिळते, आणि खरचटलेला शेतकरी चार दिवस घरीच बसून राहतो.

मुलचेरा हा गडचिरोली जिल्ह्याचा भाग. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा वनांचा आणि धानाचा. मुलचेऱ्याच्या भोवती चामोर्शी, अहेरी, एटापल्ली हे तालुके. येथील एकाच बाजारात मराठी, गोंडी, माडिया, तेलुगू आणि बंगाली बोलणारी माणसे भेटतात. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे शासनाने या भागात वसविली, त्यांची गावे आज तालुक्याच्या लोकजीवनाचा मोठा हिस्सा आहेत. नेत्रतज्ज्ञ गाठावयाचा तर गडचिरोली अथवा चंद्रपूरचा रस्ता धरावा लागतो, आणि नाल्यांना पूर आला की तोही बंद पडतो. त्यामुळे दुखरा डोळा प्रथम पाहणारी व्यक्ती बहुधा आयुर्वेदाची पदवी घेतलेला चिकित्सक असते किंवा काउंटरमागचा औषधविक्रेता. त्या पहिल्या पाच मिनिटांत काय घडते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

साथीचा डोळा

डोळे येण्याची मोठी साथ महाराष्ट्राने अगदी अलीकडे, २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये पाहिली. पुणे जिल्ह्यातील आळंदी येथील शाळकरी मुलांत तिचा गवगवा प्रथम झाला. पुढे नोंदलेल्या रुग्णांत बुलढाणा जिल्हा आघाडीवर राहिला आणि राज्याची संख्या लाखावर गेली. कारण विषाणू हेच होते. या प्रकारच्या रक्तस्रावी अभिष्यंदाची पहिली जागतिक साथ १९६९ मध्ये आफ्रिकेतील घाना देशात सुरू झाली. त्याच सुमारास मानव चंद्रावर उतरला होता, म्हणून तेथील लोकांनी रोगाला 'अपोलो ११' हे नाव दिले. सिंगापूरमध्ये १९७० साली याच रूपाचा, पण वेगळ्या विषाणूचा रोग दिसला. आज आपण ज्याला कॉक्सॅकी ए-२४ म्हणतो, त्याचा तो प्रकार. १९७१ साली कलकत्त्यात साथ आली तेव्हा बांगलादेशाचा मुक्तिलढा चालू होता व निर्वासितांचे लोंढे येत होते. बंगालीत या रोगाला 'जय बांगला' हे नाव तेव्हा पडले, ते आजही टिकून आहे. मुलचेऱ्यातील एखादी बंगाली आजीबाई नातवाला 'जय बांगला' झाला आहे असे म्हणाली, तर ती राजकारण बोलत नसून अचूक निदान सांगत आहे, असे समजावे.

त्याच १९७१ च्या साथीत मुंबईत डॉ. नोशिर वाडिया यांनी एक गंभीर गोष्ट नोंदविली. डोळे बरे झाल्यानंतर काही दिवसांनी थोड्या रुग्णांच्या पायांत लुळेपणा आला. उपद्रव विरळ आहे, परंतु साथीनंतर कोणी पाय ओढत चालू लागला, तर त्याचा संबंध डोळ्यांशी असू शकतो हे चिकित्सकाच्या ध्यानी असावे.

विषाणूवर प्रतिजैविकाचा काही प्रभाव नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही "वरून जंतू बसू नयेत म्हणून" या सबबीखाली ते दिले जाते. या सबबीत कितपत तथ्य आहे? इंग्लंडमध्ये झालेल्या व २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत डोळे आलेल्या मुलांपैकी निम्म्यांना क्लोरॅम्फेनिकॉलचे थेंब दिले, तर उरलेल्यांना औषध नसलेले थेंब. सातव्या दिवशी औषध मिळालेल्यांपैकी शंभरात ८६ बरे होते, न मिळालेल्यांपैकी ८३. विशेष असे, की यांतील बहुसंख्य मुलांच्या डोळ्यांत जिवाणूच सापडले होते. म्हणजे जिवाणूजन्य अभिष्यंदही बहुधा आपोआप ओसरतो, मग विषाणूजन्याची गोष्ट वेगळी सांगावयास नको. दाट पिवळा पू सतत येत असेल, पापण्या सकाळी चिकटून उघडतच नसतील, तर प्रतिजैविकाने एखाद-दोन दिवस वाचतात आणि ते देण्यास आमचा आक्षेप नाही. पाणी गळणाऱ्या, रेती गेल्यासारखे खुपणाऱ्या, कानापुढची ग्रंथी सुजलेल्या डोळ्यास मात्र ते नको.

येथे आपल्या शास्त्राची आठवण होणे स्वाभाविक आहे. सुश्रुताने निदानस्थानात कुष्ठाच्या अध्यायाच्या शेवटी औपसर्गिक, म्हणजे एकापासून दुसऱ्यास जडणारे रोग सांगितले, त्यांत कुष्ठ, ज्वर व शोष यांच्या पंक्तीला नेत्राभिष्यंद बसविला. संक्रमणाची द्वारेही सांगितली : अंगस्पर्श, श्वास, एकत्र भोजन, एकच शय्या वा आसन, दुसऱ्याची वस्त्रे, माळा व लेप. या यादीत आज आपण एकाच घरात फिरणारी ड्रॉपची बाटली घालावी. एका भावाच्या पापणीला टेकलेले टोक दुसऱ्याच्या डोळ्यावर धरले, की औषधच रोगवाहक होते. मुलचेऱ्यासारख्या ठिकाणी एक बाटली घरभर आणि नंतर शेजारीही जाते, कारण ती पैसे मोजून आणलेली असते. विकताना "एका माणसाला एक बाटली" एवढे बजावले, तरी मोठे काम होईल. तीच गोष्ट टॉवेलची, आणि आश्रमशाळांत एकाच हौदावर तोंड धुण्याची.

नेत्ररोगात प्रथम पाच दिवस लंघन करावे आणि आमावस्थेत अंजन घालू नये, असे आपले ग्रंथ सांगतात. एंटेरोविषाणूचा अभिष्यंद साधारण पाच-सात दिवसांत ओसरतो. या दोन गोष्टी जुळविण्याचा अट्टहास आम्ही करणार नाही. परंतु घाईने तीव्र औषध घालू नये, डोळ्याला विश्रांती द्यावी व दोष पचू द्यावा, हा उपदेश साथीच्या डोळ्याला आजही तंतोतंत लागू पडतो. ॲडेनोविषाणूचा प्रकार दोन-तीन आठवडे रेंगाळतो. तेव्हा रुग्णाचा आणि चिकित्सकाचाही धीर सुटतो, आणि नेमकी तेथेच स्टेरॉइडची बाटली पुढे येते.

लाली घालविणारी बाटली

बाजारात प्रतिजैविक व डेक्सामेथासोन यांचे मिश्रण असलेले थेंब सर्रास मिळतात. क्लोरॅम्फेनिकॉल, सिप्रोफ्लॉक्सासिन, गॅटिफ्लॉक्सासिन, टोब्रामायसिन अशा अनेक औषधांशी त्याची जोडी जमविलेली आहे. साध्या बाटलीचे आणि जोडबाटलीचे नाव पुष्कळदा एका अक्षरापुरते वेगळे असते. घाईत असलेल्या दुकानदाराची चूक होण्यास तेवढे पुरे. शिवाय जोडबाटलीने दुसऱ्याच दिवशी लाली उतरते, गिऱ्हाईक खूश होते आणि पुढील वेळी तीच बाटली नावाने मागते.

पण लाली उतरणे म्हणजे रोग उतरणे नव्हे. डोळ्यात नागिणीच्या कुळातील हर्पिसचा व्रण असेल, तर स्टेरॉइडने तो नकाशासारखा पसरतो. बुरशीचा व्रण असेल, तर वरची लाली निवळते आणि आतील बुरशी निर्वेध खोल उतरते. डोळ्यात काही नसतानाही महिनोन्‌महिने हेच थेंब घालणाऱ्यांत नेत्रातील दाब वाढतो, दृष्टीची नस सुकते व अकाली मोतीबिंदू होतो. वसंत ऋतूत डोळ्यांना खाज सुटणारी मुले या सवयीचे हमखास बळी ठरतात. दर वर्षी डोळे लाल होतात, दर वर्षी तीच बाटली येते आणि मुलाला फळा दिसेनासा झाल्यावर कारण शोधले जाते. कायद्याच्या दृष्टीनेही हे थेंब अनुसूची एच मधील, म्हणजे चिठ्ठीवाचून न देण्याचे औषध आहे. आयुर्वेद पदवीधराने आधुनिक औषधे लिहावीत की नाही, हा वाद जुना असून त्याचा निकाल या पानांवर लागणार नाही. पण ज्याने चिठ्ठी लिहिली, त्याने बुबुळ पाहिलेले असावे, इतकी अपेक्षा कोणत्याही पक्षास मान्य व्हावी.

कुसळ लागलेला डोळा

आता या जिल्ह्याच्या खऱ्या दुखण्याकडे वळतो. धान कापणे, कडपा गोळा करणे, पुंजणे रचणे, मळणी : दिवाळीच्या मागेपुढे हजारो माणसे धानाच्या पात्यांत व कुसळांत वाकून काम करतात. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडताना फांदी उलटून डोळ्यावर बसते, बांबू तोडताना सालपट उडते. बुबुळावर जेमतेम दिसेल न दिसेल असा ओरखडा येतो. डोळा चुरचुरतो, माणूस पाण्याने धुतो आणि कामाला लागतो. वनस्पतीच्या अशा ओरखड्यातून फ्युजेरियम, ॲस्परजिलस यांसारख्या बुरशी शिरतात, जिवाणूही शिरतात. तीन-चार दिवसांनी बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागतो. तोवर घरच्यांनी मध, आईचे दूध, कांद्याचा रस किंवा एखाद्या पानाचा रस घातलेला असतो. रुईचा चीक तर डोळ्याच्या आसपासही नको. तो बुबुळ जाळतो.

या ओरखड्यावर प्रतिजैविक काय करू शकते, याचा उत्तम वृत्तान्त नेपाळमधील भक्तपूरचा आहे. तोही धानाचा मुलूख. तेथे गावातील आरोग्य कार्यकर्त्यांना बुबुळावरील ओरखडा ओळखण्यास शिकविले आणि क्लोरॅम्फेनिकॉलचे १ टक्का मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस देण्यास सांगितले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात दोन वर्षांत ४४२ ओरखडे नोंदले गेले व त्यांपैकी ४२४ व्रण न होता भरले. अधिक बोलका तपशील वेळेचा आहे. इजेनंतर १८ तासांच्या आत आलेल्या २८४ जणांपैकी एकालाही व्रण झाला नाही. २४ ते ४८ तासांनी आलेल्या ४९ जणांपैकी १४ जणांना झाला. या कामात औषध न दिलेला तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे सारे श्रेय मलमालाच देणे शास्त्रशुद्ध होणार नाही. पण वेळेचा फरक इतका ठळक आहे, की मुलचेऱ्यातील प्रत्येक औषधविक्रेत्याने तो पाठ करावा. मलम स्वस्त आहे, त्यात स्टेरॉइड नाही आणि तीन दिवसांचे काम आहे. क्लोरॅम्फेनिकॉलने रक्तनिर्मितीत बिघाड झाल्याचे क्वचित वृत्तान्त आहेत. घरात कोणाला तसा रोग असल्यास दुसरे प्रतिजैविक निवडावे.

अर्थात ओरखडा आधी दिसावयास हवा. त्यासाठी फ्लोरेसीनची कागदी पट्टी व निळ्या प्रकाशाची छोटी बॅटरी एवढेच साहित्य पुरते. पट्टी खारट पाण्याच्या थेंबाने ओली करून खालच्या पापणीच्या आत टेकवावी. ओरखडा असेल तेथे हिरवा रंग चमकतो, फांद्या फुटलेल्या रेषेसारखा चमकला तर हर्पिसचा संशय घ्यावा. ज्या दवाखान्यात रक्तदाबाचे यंत्र आहे, तेथे ही पट्टीही असावयास हरकत नाही. किंमत काही रुपयांची.

सुश्रुताच्या परिभाषेत हा व्रण म्हणजे सव्रण शुक्र. त्याच्या साध्यासाध्यतेचा विचार करताना तो दृष्टिमंडलाच्या जवळ आहे का, खोल आहे का, स्रवतो का, दुखतो का, एकच आहे की जोडीने, हे पाहावयास सांगितले आहे. आजचा नेत्रतज्ज्ञही जवळपास हेच पाहतो, फक्त व्रणाचा कण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधतो. म्हणून पांढरा ठिपका एकदा दिसला, की आपण तो बरा करीत बसू नये. बुरशीला नॅटामायसिनचे थेंब लागतात, तेही तासातासाने, कित्येक आठवडे. जिवाणूला वेगळे औषध. खरवडल्यावाचून अंदाजाने देण्यात डोळा जातो.

लाल डोळ्याचे आणखी एक सोंग आहे आणि तेही साथीच्या गर्दीत मिसळून येते. डोळ्यासह अर्धे डोके फुटते आहे, ओकाऱ्या होत आहेत, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, बाहुली मोठी व स्थिर आहे, आणि बोटाने दाबता डोळा गोटीसारखा कठीण लागतो. हा अधिमंथ. अभिष्यंदाची उपेक्षा झाली की अधिमंथ होतो व मिथ्याचाराने ठरावीक रात्रींत दृष्टी नष्ट करतो, असे सुश्रुत म्हणतो : कफज सात, वातज सहा, रक्तज पाच, आणि पित्तज तर तत्काळ. दिवस मोजण्याची त्याची ही निकड आजच्या चिकित्सकाने उचलावी. नवजात अर्भकाच्या डोळ्यांतून पू वाहत असेल, तर तेथेही दिवस नव्हे, तास मोजावेत. त्यास थेंब पुरत नाहीत. गोवराच्या पाठोपाठ डोळा लाल झालेल्या कुपोषित बालकास अ जीवनसत्त्वाची मात्रा मिळाली आहे का, हे विचारावे.

आपली औषधे

आश्चोतन हा सर्व नेत्ररोगांतील आद्य उपक्रम. लेखनासाठी सात-आठ, स्नेहनासाठी दहा, रोपणासाठी बारा थेंब अशी मात्रा सुश्रुताने दिली, आणि वाग्भटाने दोन अंगुळे उंचीवरून कनीनकाजवळ थेंब सोडावयास सांगितले. म्हणजे नळीचे टोक पापणीला टेकविण्याचा प्रश्नच नव्हता. आजच्या बाटलीचा एक थेंब डोळ्याच्या पोकळीत मावतो त्याहून अधिकच असतो. दोन-तीन थेंब एकदम घातल्याने उरलेले गालावरून वाहून जातात, आणि दुसरे औषध घालावयाचे तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत.

दारुहळदीपासून केलेले रसांजन अभिष्यंदात प्रसिद्ध आहे. तिच्यातील बर्बेरीन या द्रव्याच्या थेंबांची खुपरीच्या रुग्णांत तपासणी १९८० च्या दशकाच्या आरंभी आपल्याच देशात झाली आहे. पुढे खुपरीच सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून हद्दपार झाली, जागतिक आरोग्य संघटनेने तसे २०२४ साली मान्य केले. हे सारे आपल्याला अभिमानाचे आहे. तथापि दवाखान्याच्या मागच्या खोलीत उकळून गाळलेला त्रिफळा क्वाथ आणि निर्जंतुक आश्चोतन यांत महदंतर आहे. औषध नियमांच्या अनुसूची टी मध्ये आश्चोतन व नेत्रमलम यांच्या निर्मितीस वेगळी व्यवस्था सांगितली आहे, ती उगाच नव्हे. २०२३ साली अमेरिकेत एका कृत्रिम अश्रूंच्या थेंबांमुळे औषधांना न जुमानणाऱ्या स्युडोमोनास जिवाणूची लागण पसरली. ८१ रुग्ण, ४ मृत्यू, १४ जणांची दृष्टी गेली. ते थेंब चेन्नईजवळच्या कारखान्यात बनले होते, आणि त्यांत प्रतिजैविक वा स्टेरॉइड काहीही नव्हते, नुसता ओलावा देणारे द्रव्य होते. जेथे यंत्रे व परवाने असूनही असे घडते, तेथे आपल्या पातेल्याचा भरवसा किती धरावा? त्रिफळा क्वाथ शांत साथीच्या डोळ्याला, बंद पापण्यांवर सेक म्हणून जरूर वापरावा. बुबुळाला ओरखडा असताना तो, मध किंवा तूप आत जाऊ नये. तर्पण, पुटपाक, अंजन या क्रिया तर लाली पूर्ण निवळल्यावरच्या.

दुकानदारास तपासणी करावयाची नाही, पण तीन प्रश्न विचारता येतात : काही लागले का? अंधुक दिसते का? उजेड सहन होत नाही इतके दुखते का? तिन्हींना 'नाही' असेल आणि घरात आणखी कोणाचे डोळे आले असतील, तर स्वच्छ थंड पाण्याच्या घड्या, हात धुणे, वेगळा टॉवेल, एवढा सल्ला आणि हवे तर साधे अश्रुथेंब. एकालाही 'हो' आले, तर चिकित्सकाकडे. काउंटरवर हे प्रश्न गोंडी आणि बंगालीत लिहून ठेवलेला पुठ्ठा असला, तर फार बरे. 'अंधुक दिसते' हे वाक्य परक्या भाषेत नीट कळत नाही, रुग्ण केवळ मान हलवितो. उघडलेल्या बाटलीवर तारीख लिहून एक महिन्यानंतर ती टाकून द्यावयास सांगावे.

बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, संध्याकाळ झाली आहे आणि गाडी सकाळीच आहे, अशी वेळ मुलचेऱ्यात येणारच. त्या रात्री डोळा घट्ट पट्टीने बांधू नये, नुसते कडक आवरण लावावे. स्टेरॉइडरहित प्रतिजैविक थेंब जागेपणी तासातासाने घालावेत. वेदनेसाठी पोटात औषध द्यावे, बधिर करणारे थेंब घरी देऊ नयेत, त्यांनी व्रण भरत नाही. सोबतच्या चिठ्ठीत इजा कशाने झाली, कोणत्या दिवशी, त्यानंतर डोळ्यात काय काय घातले, आणि आपण किती वाजता कोणते थेंब सुरू केले, हे ठळक अक्षरांत लिहावे. घातलेली जुनी बाटली रुग्णासोबतच द्यावी.